प्रोब हातात आल्याशिवाय

जळगावचं पिंप्राळा असो की धुळे, सोनोग्राफी केंद्रात शिरताना गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी दिसतेच. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या, तेव्हा पाटी का, हे विचारायला नको. कायद्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेतच ठेवावं लागतं, मनात आलं म्हणून शिबिराला नेता येत नाही. हे योग्यच आहे. पण मग जळगाव-धुळ्याच्या मेडिकल कॉलेजांतल्या पोरांनी हात बसवायचा कुठे?

कारण सोनोग्राफीत खरी कसोटी हाताचीच. ध्वनिलहरी शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं जातात, हवेपाशी मात्र अडतात. जेल लावतात ते मधली हवा घालवायला. अंगावर फिरवायचा प्रोब जरासा कलला की यकृत आणि उजवी किडनी यांच्यामधली जागा पडद्यावरून निसटते. अपघातातल्या रुग्णाच्या पोटात रक्तस्राव झाला असेल, तर ते रक्त बहुतेकदा याच फटीत काळ्या पट्टीसारखं दिसतं.

शिकवण्याची एक नावाजलेली रीत पेटन या सर्जनची. शिक्षक आधी न बोलता करून दाखवतो, मग प्रत्येक हालचाल समजावत करतो. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थी हुकूम सोडतो आणि शिक्षक मुकाट्यानं तसा हात हलवतो. कुणाला काय कळलेलं नाही, ते इथं लपत नाही. चौथ्या पायरीला प्रोब विद्यार्थ्याकडे. मोठ्या गटात मात्र ही रीत नेहमीच सरस ठरते असं नाही.

मला जास्त आशा वाटते ती सीनियर विद्यार्थ्यांकडून. नीट तयार केलेल्या सीनियरांकडे शिकलेली मुलं प्राध्यापकांकडे शिकलेल्यांच्या जवळपास तेवढीच उतरतात, असं अनेक तुलनांत दिसलं आहे. थिअरी व्हिडिओवरही भागते. सिम्युलेटर उत्तम, पण महाग. त्याऐवजी जिलेटिनमध्ये इसबगोल कालवून त्यात द्राक्षं बसवली, की सुई नेमकी नेण्याचा सराव होतो. इसबगोलामुळे पडद्यावर ऊतीसारखा दाणेदारपणा येतो. पोटाच्या सरावाला कॉलेजच्या नोंदणीकृत मशीनखाली वर्गातली मुलं स्वेच्छेनं झोपू शकतात, गरोदर बाईला त्रास द्यायचं कारण नाही.

महिनोन् महिने प्रोब धरला नाही तर आलेलं कौशल्यही ओसरतं. म्हणून कॉलेजांनी व्याख्यानाचे तास कापावेत आणि प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला प्रोब धरायला लावावा. परीक्षेत नसलेलं आपल्याकडे कुणी शिकत नाही.