उचगाव फाटा, दोन विद्यापीठं आणि हरवलेली मतपेटी

उचगाव फाट्यावरून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो; उलट दिशेला बेळगाव. बारावी झालेली उचगावातली बहुतेक पोरं बेळगावची बस धरतात, काही चंदगड-कोल्हापूर गाठतात. कुणाच्या गुणपत्रिकेवर २०१० साली स्थापन झालेलं राणी चन्नम्मा विद्यापीठ, तर कुणाच्या शिवाजी विद्यापीठ. राज्य बदललं तरी एक गोष्ट सारखीच राहते: कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, पोरांच्या थेट मतावर निवडून येत नाही.

गंमत १९८९ सालची आहे. त्या मार्चमध्ये ६१वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. त्याच वर्षी मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे महाराष्ट्राने कॉलेजच्या खुल्या निवडणुका गुंडाळल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत पक्की केली. ऐंशीचं दशक सरता सरता कर्नाटकातही निवडणुका बंद झाल्या. आमदार निवडायला पोरगा शहाणा, जीएस निवडायला मात्र कच्चा!

निवडणुकांची ही भीती खोटी नव्हती. पैसा, पक्ष आणि हाणामाऱ्या कॉलेजात शिरल्या होत्याच. त्यावर उतारा म्हणून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली नियम सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. उमेदवारामागे खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाही, ७५ टक्के हजेरी हवी. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्यात निवडणुकांना पुन्हा जागा दिली. २०१९ ला त्या होणार म्हणता म्हणता विधानसभेची निवडणूक आडवी आली. नंतर कोरोना.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात निवडणुका नसण्याची किंमत जरा जास्त पडते. इथल्या वर्गात मराठी आणि कन्नड पोरं एकाच बाकावर बसतात आणि बाहेरचा सीमावाद दप्तरातून आत येतो. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस बेळगावच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात कन्नड झेंडा घेऊन नाचणाऱ्या विद्यार्थ्याला इतर विद्यार्थ्यांनी मारलं. मग कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या. निवडणूक असती तर मार चुकलाच असता, असं कुणी म्हणू नये. पण ज्याला दोन्ही भाषांच्या पोरांकडे मतं मागत फिरावं लागतं, त्याला दोघांशीही बोलावं लागतं. नेमलेल्या प्रतिनिधीला ती गरज नसते. भांडण मग थेट प्राचार्य, पोलीस आणि संघटना यांच्या हाती जातं.

बोलायला मंच लागतो, हे उचगावला कुणी शिकवायला नको. गाव मराठी साहित्य संमेलन भरवतं; खेड्यात मांडव पडतो, माणसं व्याख्यानं ऐकायला येतात. कॉलेजातल्या पोराला मात्र परीक्षेच्या निकालाची दिरंगाई किंवा बसपासची अडचण मांडायची तर निवेदन लिहून कार्यालयात द्यावं लागतं.

आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं, तर गोवा विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळासाठी निवडणूक होते, चुरशीसकट आणि आरोपांसकट.