संतपद आणि स्मृतीचे ऋण

ज्या आर्मेनियन राष्ट्राने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, 301 सालीच ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला, त्या राष्ट्राचा 1915 पासून उस्मानी साम्राज्याने जो संहार आरंभला, त्यात सुमारे पंधरा लाख माणसे प्राणांस मुकली असे सामान्यतः मानले जाते. 24 एप्रिलला राजधानीतील आर्मेनियन पुढारी, लेखक आणि धर्मोपदेशक यांची धरपकड सुरू झाली. पुढे हद्दपारीच्या सरकारी हुकुमान्वये गावेच्या गावे सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलली गेली आणि तहान, भूक व कत्तल यांनी वाटेतच नाहीशी झाली.

जे वाचले त्यांच्या श्रद्धेचे काय झाले, याचे एकच एक उत्तर नाही. आपल्या लोकांची गाणी जिवापाड जपणारा धर्मोपदेशक कोमितास हद्दपारीतून परतला खरा, पण त्याचे मन परतले नाही. 1935 साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. उलट मूश प्रांतातील दोन स्त्रियांनी, सभोवती मृत्यू थैमान घालीत असताना, मठातील आठशे वर्षांपूर्वीची सुमारे 28 किलो वजनाची धर्मप्रवचनांची पोथी दोन भागांत विभागून उचलली. एकीने आपला भाग वाटेत पुरून ठेवला, दुसरीने आपला पैलतीरी पोचविला, आणि आज ते दोन्ही येरेवानच्या ग्रंथसंग्रहालयात एकत्र आहेत. देवाने आपल्याला का टाकले, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे मला वाटत नाही. परंतु प्रश्न बाळगूनही भार वाहता येतो, हे त्यांनी दाखविले.

सोव्हिएत अमलात, जेथे सरकारदरबारी धर्माला थारा नव्हता, तेथेही 1965 साली हजारो लोक येरेवानच्या रस्त्यांवर उतरले, आणि दोनच वर्षांनी शहराजवळच्या टेकडीवर स्मारक उभे राहिले. चर्चमध्ये मात्र दरसाल 24 एप्रिलला मृतात्म्यांच्या शांतीसाठी प्रार्थना होत असे. 23 एप्रिल 2015 रोजी आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एच्मियाद्झिन येथे या सर्व बळींना संतपद देण्यात आले आणि त्याबरोबर उपासनेची दिशाच पालटली: संतांच्या आत्म्यासाठी शांती मागायची नसते, संतांकडे आपल्यासाठी मध्यस्थी मागायची असते. शतकभर ज्यांच्यासाठी अश्रू ढाळले, त्यांच्यापुढेच हात जोडण्याचा हा अधिकार शोकाकुल समाजाला केवढा आधार देत असेल!

तरीही या सन्मानाने स्मृतीचे ऋण फिटत नाही. प्राण वाचविण्यासाठी ज्यांना धर्म बदलावा लागला, ज्या मुली परक्या घरांत परक्या नावांनी वाढल्या, त्यांना हुतात्म्यांच्या यादीत जागा मिळत नाही. तुर्की वकील फेथिये चेतिन यांच्या मुसलमान आजीने म्हातारपणी नातीला सांगितले, की आपण मुळात आर्मेनियन, आपले नाव हेरानूश. 2004 साली चेतिन यांनी ही हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्यावर तुर्कस्तानातील कित्येक कुटुंबांत अशाच आज्यांचा शोध सुरू झाला. माझ्या मते ही आजीही त्या संतांइतकीच स्मरणाची हक्कदार आहे, कारण संहारकर्त्यांना तिचे नावच पुसून टाकावयाचे होते. आणि घडले त्याला वंशसंहार म्हणण्यास तुर्कस्तान सरकार आजही तयार नसल्यामुळे तिची साक्ष दप्तरी नोंदविली जाणे अधिकच अगत्याचे आहे.