फुगवट्यातला रविवार

होडीची खुंटी पाण्यापासून चांगली दहा-बारा पावलं वर उभी आहे. होडीवाले मामा चिखल तुडवत तिच्यापर्यंत जातात, हलवून हलवून ती उपटतात आणि दाव्यासकट होडीत टाकतात.

"परवा हितंच पाणी होतं," एवढंच म्हणतात.

आम्ही चौघं वर्गमित्र: मास्तर, मेडिकलवाला, हळदीचा अडत्या आणि मी. कोकणात जाऊन एक अख्खा दिवस समुद्रात होडीनं फिरायचा बेत दर हिवाळ्यात ठरतो आणि कुणाच्या तरी घरच्या लग्नापायी मोडतो. यंदा अडत्यानं तोडगा काढला. "समुद्र ऱ्हाऊ द्या, आपलं सिद्धेश्वर धरण हाय की." औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आम्ही सकाळीच इथं पोचलोय. होडी मासेमारीची आहे, सहलीची नव्हे. मास्तरानं कुठून तरी पाच नारिंगी जाकिटं पैदा केलीत. मामांनी आपलं घडी घालून बुडाखाली घेतलंय.

वल्हं पाण्यात पडतं. मागं धरणाची भिंत हळूहळू लांब जाते. सहा किलोमीटरहून जास्त लांबी, बहुतेक सगळी मातीची. पाण्यातून बघताना ती बांधकाम वाटतच नाही, टेकडीचा माथा कुणी रंधा मारून सपाट केल्यासारखी दिसते.

"मधी नाई जायाचं," मामा सांगतात. "काठाकाठानं जाऊ. वारं सुटलं की मधलं पाणी येगळंच असतंय."

कुणाची हरकत नाही. घाई कुणालाच नाही आणि बघण्यासारखं तर काठावरच आहे. पाणी जसजसं उतरलं तसतशी उघड्या पडलेल्या गाळात पेरणी झालीय. सगळ्यात वर घाटे धरलेला हरभरा. त्याखाली फुलातला. त्याखाली बोटभर उंचीचा. आणि मग नुसता ओला काळा गाळ, त्यात बगळ्यांची पावलं. धरण कोणत्या आठवड्यात किती उतरलं, हे पाटबंधारे खात्याच्या वहीपेक्षा या गाळपेरीत सरळ वाचता येतं.

मेडिकलवाल्याला प्रश्न पडतो की पाऊस चांगला झालेला असताना पाणी एवढं खाली कसं. मामा वल्ह्यानंच वरच्या अंगाला खूण करतात. तिकडं जिंतूर तालुक्यात येलदरी. दोन्ही धरणं पूर्णेवर, दोन्ही 1968 ला पुरी झालेली, पण जोडी बरोबरीची नाही. येलदरीचा उपयुक्त साठा 810 दलघमीच्या आसपास, सिद्धेश्वरचा जेमतेम 81. थोरल्यानं साठवायचं, धाकट्यानं वाटायचं, असा कारभार आहे. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. ते फिरले की वीज तारांत जाते आणि पाणी खाली आमच्याकडं येतं. इथून ते कालव्यानं वसमत, परभणी, नांदेडच्या रानांत. हिंगोली शहराचे नळही याच पाण्यावर. कालव्याला रब्बीची पाळी सुटलेली आणि वर संच बंद, की इथली ओहोटी सुरू. समुद्राची भरती चंद्र बघून सांगता येते. इथं येलदरीला फोन करावा लागतो.

"आन् हे पाणी बी समुद्रालाच जातंय," मास्तर तासाला उभा राहिल्यासारखा सुरू होतो. "पूर्णा कंठेश्वरला गोदावरीत पडते. गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्र गाठायचा तर कोकणाकडं पाठ करून बसा."

अडत्या खरोखरच उलटा फिरून बसतो. होडी कलते. मामा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलतात: "ओ शेठ! नीट!"

एका वळणावर चक्रवाकांची जोडी आहे, विटकरी अंग, फिकट डोकं. लडाख-तिबेटच्या बाजूनं हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे. आम्ही मोबाइल काढेपर्यंत ओरडत उठतात आणि पलीकडं जाऊन बसतात. फोटोत नुसतं पाणी.

मामांचं जाळं खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात लावलेलं आहे. वर तरंगायला जुन्या स्लिपरांचे कापलेले तुकडे, निळे नि पांढरे. ते एकेक हात जाळं ओढून मांडीवर घेतात. पहिली येते चिलापी. तिच्या पाठीचे काटे जाळ्यात रुतलेत. मामा अंगठ्यानं ते काटे शेपटीकडं दाबून धरतात, कल्ल्यामागं अडकलेला धागा करंगळीच्या नखानं उचलतात, आणि मासा एका झटक्यात मोकळा. मेडिकलवाला "द्या इकडं" म्हणून दुसरा घेतो. त्याला अंगठ्यात काटा, जाळ्याला भोक आणि मासा पाण्यात. मामा काही बोलत नाहीत. जाळं हळूच आपल्याकडं ओढून घेतात.

नऊ चिलाप्या, एक रोहू. रोहू-कटल्याचं बी सोडावं लागतं, चिलापी आपोआप वाढत राहते. म्हणूनच तिला भाव नाही. रोहू मामा वेगळ्या पिशवीत ठेवतात, तो विकायचा. आमच्या वाट्याला चिलापी.

काठावर तीन दगडांची चूल पेटते. भाकरी घरून आणल्यात. अडत्या खिशातून हळदीची पुडी काढतो आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चौथ्यांदा सांगतो. मासा खरंच फर्मास होतो, पण त्यात हळदीपेक्षा मामांच्या लसूण-मिरचीचा हात मोठा, असं माझं मत आहे. ते मी बोलून दाखवत नाही. गाडी अडत्याची आहे.

हात धुतोय तोवर वरून हाक येते. "ओ पाव्हणं! येलदरीचं पाणी सुटलं का?"

हरभऱ्यातून एक शेतकरी खाली येतोय. त्याची मोटार काठावर बसवलेली, पाइप गाळावरून पाण्याकडं गेलेला, आणि टोकाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, अर्धा उघडा. मोटार पाण्याऐवजी हवा ओढतेय. लाइट चारला जाणार.

"कुठं सुटलं बावा," मामा म्हणतात.

शेतकरी आमच्या जाकिटांकडं बघतो. मग पाइपाकडं. "मंग चौघं रिकामेच हाव तर धरा की जरा. दोन नळकांडी जोडून फुटबॉल आत सारतो."

मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो. अडत्या बूट काढून हरभऱ्यात ठेवतो. मी नि मेडिकलवाला पाइपाचं टोक खांद्यावर घेऊन पाण्यात शिरतो. तळ लोण्यासारखा मऊ, पाय पोटरीपर्यंत आत.

"आणखी पुढं! आणखी!" काठावरून शेतकरी. "आज इथं ठिवला तर परवा पुन्हा उघडा पडंल."

"परवा आम्ही नाही बरं का," मेडिकलवाला ओरडतो आणि आणखी दोन पावलं आत जातो.