खर्च श्वासात मोजायचा

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय म्हटलं की मराठी माणसाला मोडी दफ्तर आठवतं, ताडपत्रं आठवतात, फार तर तिथले मराठा राजे सरफोजी यांचा धन्वंतरी महाल आठवतो. ग्रंथालयाच्या संग्रहालयातल्या दुर्मीळ पुस्तकांत रसायनशास्त्राचा एक फ्रेंच ग्रंथही आहे. त्याच्याकडे सहसा कोणी वळत नाही. आंत्वान लाव्हाझिएचा ‘त्रेते एलेमांतेर द शिमी’, १७८९ साली पॅरिसात प्रसिद्ध झालेला. ऑक्सिजनला ऑक्सिजन हे नाव देणारा हाच गृहस्थ. जिममधून घामाघूम होऊन निघालेला तरुण मनगटावरच्या घड्याळात ‘४१२ कॅलरी’ वाचतो आणि खुशीत समोरच्या हॉटेलात शिरतो, त्या आकड्याचा मूळपुरुषही हाच.

या ग्रंथात कॅलरीमापक यंत्राचं सविस्तर वर्णन आहे. आत प्राणी ठेवायचा, भोवती बर्फ भरायचा आणि प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते पाण्याच्या वजनावरून काढायचं. लाव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी गिनीपिग ठेवून पाहिला, तर दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. तेवढ्याच वेळात त्या प्राण्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी हा हिशेब त्यांनी ताडून पाहिला आणि निष्कर्ष काढला, की श्वसन म्हणजे मंद गतीचं ज्वलनच. हे यंत्र चालवायला खोलीही जवळपास गोठणबिंदूला असावी लागते. कावेरीच्या खोऱ्यात हा प्रयोग करणं राजालाही शक्य नव्हतं. सरफोजी १८३२ मध्ये वारले, आणि अमेरिकेहून बर्फ घेऊन पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं ते १८३३ मध्ये!

पण आपल्या कामाचा खरा प्रयोग याच्या पुढचा आहे. १७९०च्या सुमाराला लाव्हाझिएने आर्मां सेगँ या आपल्या सहकाऱ्यालाच प्रयोगाला बसवलं. तोंडावर मुखवटा, त्याला नळी, आणि पायाखाली एक पायटा. पायटा दाबला की वजन वर उचललं जायचं. बाजूच्या टेबलाशी लाव्हाझिएची पत्नी मारी-आन नोंदी घेत बसलेली. या प्रयोगांची चित्रंही तिनेच काढली आहेत, आणि चित्रात स्वतःलाही बसवलं आहे. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला सेगँ तासाला सुमारे २४ लिटर ऑक्सिजन घेत होता. उपाशीपोटीच वजन उचलताना तोच आकडा ६३ लिटरच्या आसपास गेला. म्हणजे व्यायामातला ऊर्जेचा खर्च पहिल्यांदा मोजला गेला तो धावण्याचा नव्हे, वजन उचलण्याचा. नाडीचा वेगही उचललेल्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, असंही लाव्हाझिएने नोंदवलं. यावरून भाषण करणाऱ्याचे, वाद्य वाजवणाऱ्याचे, एवढंच काय, विचार करत बसलेल्या तत्त्वज्ञाचे श्रमही किती वजन उचलण्याच्या बरोबरीचे ते सांगता येईल, असं त्याला वाटत होतं. १७९४च्या मे महिन्यात गिलोटिनने त्याचं डोकं उडवलं.

पद्धत तीच राहिली, साधनं बदलली. १९११ मध्ये क्लॉड डग्लस या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मोठी हवाबंद पिशवी वापरात आणली. नाकाला चिमटा, तोंडात झडपेची नळी. आत येते ती बाहेरची हवा, उच्छ्वास मात्र सगळा पिशवीत. मग पिशवीतली हवा किती लिटर भरली ते मोजायचं आणि तिच्यात ऑक्सिजन किती उरला ते तपासायचं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. समजा, वजनं मारणारा तरुण मिनिटाला ४० लिटर हवा आतबाहेर करतो आहे आणि उच्छ्वासात ऑक्सिजन १७.४ टक्के सापडला. फरक साडेतीन टक्क्यांचा, म्हणजे मिनिटाला १.४ लिटर ऑक्सिजन शरीरात खर्ची पडला. एका लिटरमागे साधारण पाच किलोकॅलरी (आपण बोलताना जिला नुसती ‘कॅलरी’ म्हणतो ती हीच) धरल्या, तर मिनिटाला सात. आता पिशवीऐवजी तोंडावर मुखवटा आणि पाठीवर डबा असतो, तो दर श्वासाचा हिशेब देतो. आकडेमोड मात्र याहून फारशी वेगळी नाही.

आता हाच हिशेब ‘सर्किट’ या व्यायामपद्धतीला लावू. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली. व्यायामाची आठ-दहा ‘स्टेशनं’ मांडायची. प्रत्येकावर अर्धा मिनिट काम, मध्ये जेमतेम दम खाण्याइतकी सवड, की लगेच पुढचं स्टेशन. वजन हलकं, वेग जास्त. आपल्या तालमीत जोर, बैठका, करेल, मल्लखांब हे सगळं एका सकाळी ओळीने करणाऱ्या पोराला यात नवं काही दिसणार नाही. तमिळ मुलखातही गदेसारखी कर्लाकट्टै फिरवण्याची परंपरा जुनी आहे. नवं होतं ते घड्याळ आणि ठरलेली विश्रांती, कारण त्यामुळे श्रम मोजण्याजोगे झाले.

१९७८ मध्ये जॅक विल्मोर आणि सहकाऱ्यांनी या श्रमांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. दहा स्टेशनं, तीन फेऱ्या. एका दमात जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल त्याच्या ४० टक्के वजन. ३० सेकंद काम, १५ सेकंद विश्रांती. एकूण साडेबावीस मिनिटं. स्त्री-पुरुष दोघांचीही नाडी कमाल वेगाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून वर चढली होती. ऑक्सिजनचा वापर मात्र कमाल क्षमतेच्या ४०-४५ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळला. धावताना हे दोन आकडे बरेचसे हातात हात घालून चढतात. नाडी तेवढी चढली तर ऑक्सिजनही बराच वर असायला हवा. वजनांच्या सर्किटमध्ये त्यांची फारकत झाली. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसत आलं आहे.

याचं कारण शरीराच्या नळजोडणीत आहे. जोर लावून आवळलेला स्नायू स्वतःमधल्याच रक्तवाहिन्या चेपतो. रक्त पुढे सरकेना, की स्नायूतून मेंदूकडे तक्रार जाते आणि दाब वाढवण्यासाठी हृदय जोरात धडधडू लागतं. त्यात बरेच जण वजन वर नेताना श्वास कोंडून धरतात, त्यानेही रक्तदाबाला उसळी मिळते. डोक्यावर वजन नेणाऱ्या दंडांचे स्नायू मांड्यांच्या मानाने लहान. तेवढ्याच ऑक्सिजनसाठी ते नाडी जास्त पळवतात. थोडक्यात, हृदय धावतं ते दाब राखण्यासाठी. ऑक्सिजनची मागणी तेवढी नसतेच. मनगटावरच्या घड्याळाला हे कळायला वाव नाही. ते हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं, त्यावरून नाडी काढतं, आणि नाडीवरून, वय-वजन-उंची जमेस धरून, खर्चाचा अंदाज बांधतं. त्यातून बारबेल मुठीत आवळली की मनगटातल्या शिरा ताणतात आणि पट्टा सरकतो, म्हणजे नाडीचाच आकडा डळमळतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांच्या मनगटांवर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासणी केली. चालणं, धावणं, सायकल असे सोपे प्रकार होते, वजनं नव्हतीच. सातपैकी सहा घड्याळांची नाडी पाच टक्क्यांच्या आतच चुकली, ही कौतुकाची गोष्ट. पण ऊर्जेच्या आकड्यात सगळ्यात चांगल्या घड्याळाची चूक २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. माझ्या मते यात घड्याळ बनवणाऱ्यांना झोडपण्यासारखं फारसं नाही. जी गोष्ट मनगटावर मोजताच येत नाही तिचा ते अंदाज देतात. चूक आहे ती त्या अंदाजाला बिलासारखं वाचण्यात.

मग मुखवटा लावून ऑक्सिजन मोजला की सगळं ठीक? वजनांच्या बाबतीत तोही पुरता प्रामाणिक राहत नाही. पहिल्या काही सेकंदांत स्नायू स्वतःकडची शिल्लक वापरतो आणि पुढे ऑक्सिजनशिवायच साखर फोडतो. श्वासाला या खर्चाची खबर उशिरा लागते. बेंच प्रेसचा दहा रेपचा सेट अर्ध्या मिनिटात संपतो, आणि ऑक्सिजनचा वापर पुष्कळदा सेट संपल्यानंतर चढतो. म्हणूनच अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्कॉट यांचा आग्रह असा, की खर्चाची तीन खाती मांडा: काम करतानाचा ऑक्सिजन, ऑक्सिजनशिवाय झालेला खर्च, आणि थांबल्यावर दम खाताना घेतलेला जादा ऑक्सिजन. मधलं खातं रक्तातल्या लॅक्टेटवरून काढतात. लॅक्टेट एका मिलिमोलने वाढलं तर किलोमागे तीन मिलिलिटर ऑक्सिजन, असा ठोकताळा आहे. ६५ किलोच्या माणसाचं लॅक्टेट आठने वाढलं तर दीड लिटरच्या आसपास ऑक्सिजन, म्हणजे आठेक किलोकॅलरी. अख्ख्या सर्किटच्या मानाने ही किरकोळ रक्कम. पण एकेका सेटचा हिशेब करायचा असेल तर ती सोडून चालत नाही.

उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचीही अशीच फसगत आहे. तो आणि ऑक्सिजन यांच्या गुणोत्तरावरून शरीर चरबी जाळतंय की साखर, हे कळतं. पण श्रम तीव्र झाले की रक्तातली आम्लता आवरण्याच्या खटपटीत जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गुणोत्तर एकाच्या वर जातं. त्याचा इंधनाशी संबंध उरत नाही. दोन सेटमधल्या गुणोत्तरावरून ‘फॅट बर्न’ची टक्केवारी कोणी सांगितली, तर खुशाल कानाआड करावी.

यांत्रिक कामाचा हिशेब करून पाहणं मला जास्त बोधप्रद वाटतं. ४० किलोची बार अर्धा मीटर वर, असं दहा वेळा. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हे काम १,९६० जूल, म्हणजे अर्ध्या किलोकॅलरीहूनही कमी! स्नायू कार्यक्षम म्हणावेत तर घातलेल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच कामात उतरतो, बाकीची उष्णता. वजन खाली आणतानाही थोडा खर्च होतोच. सगळं धरूनही सेटला तीन-चार किलोकॅलरी. घामाघूम करणाऱ्या अशा पंधरा-वीस सेटमागे एखादी इडली फिटते.

म्हणून संशोधक वापरतात त्या तक्त्यांतले आकडे पाहिले की माणूस हिरमुसतो. मध्यम गतीच्या सर्किटला ४.३ मेट आणि जोरकस सर्किटला ८ मेट, असे आकडे त्यांत आहेत. एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्याचा खर्च, किलोमागे तासाला एक किलोकॅलरी. ६५ किलोच्या माणसाने अर्धा तास केलं तर १४० ते २६०. यातले तीसेक तर नुसतं बसूनही लागलेच असते. शिवाय ‘एक मेट’ म्हणून किलोमागे मिनिटाला धरलेला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन हा बऱ्याच जणांसाठी जास्तच आहे. २००५ मध्ये साडेसातशेहून अधिक लोकांवर मोजलं तेव्हा सरासरी २.६च्या आसपास निघाली. तुलनेला आपले सूर्यनमस्कार घ्या. दिल्लीच्या डीपास या लष्करी संशोधन संस्थेत २१ जवानांवर संथ गतीने झालेलं मोजमाप २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. एका आवर्तनाला पावणेचार मिनिटांच्या आसपास वेळ आणि सुमारे १४ किलोकॅलरी खर्च. सर्किटमधून खर्च काढायचा असेल तर वजन वाढवण्यापेक्षा विश्रांती कमी करणं आणि मांड्या-पाठीचे मोठे स्नायू कामाला लावणं उपयोगी पडतं. कमावलेला स्नायू, हाडांची बळकटी, पायऱ्या चढताना न लागणारी धाप यांची नोंद कॅलरीच्या खात्यात होतच नाही, आणि वजनं मारण्याचं खरं कारण तेच आहे.

तंजावरसारख्या गावात याला आणखी एक फाटा फुटतो. मे महिन्यात पारा ३७-३८ अंशांवर, हवा दमट, जिममध्ये पंखे. अंग थंड राखायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, प्रत्येक ठोक्यामागे हृदयातून रक्त कमी निघतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढावी लागते. वजन तेच, रेप तेच, ऑक्सिजन जवळपास तेवढाच, पण नाडी वर. घड्याळ याला जादा खर्च समजतं. घाम तर हिशेबात घ्यायचाच नाही; व्यायामानंतर काट्यावर घटलेलं अर्धा किलो म्हणजे पाणी, ताक प्यालात की परत आलं.

घड्याळ वापरायचंच असेल तर व्यायामाचा प्रकार ‘वेट्स’ किंवा ‘स्ट्रेंग्थ’ असा निवडावा, धावण्याचा नको. छातीवर बांधायचा पट्टा मिळाला तर निदान नाडी तरी नीट मिळेल. आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नये. स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडावा, तोही त्याच स्टेशनांचा, त्याच वजनांचा, दिवसाच्या त्याच वेळेचा. आणि मेमधला डिसेंबरमधल्याशी तर नकोच.