कामाच्या शोधात दोन जिल्हे (भाग ४) : बेकारांच्या यादीत नसलेले

सातारा-सांगलीत बेकारी किती, असं कुणी विचारलं की उत्तर एका आकड्यात हवं असतं. तो आकडा मोजतात कसा, हे या भागात बघू.

केंद्र सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७ पासून चालू आहे. तिच्या साप्ताहिक निकषानुसार गेल्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूस कामावर धरतात. घरच्या रानात बिनपगारी राबणाराही कामावरच. म्हणजे इंजिनिअरिंग करून घरी बसलेला आणि सकाळी गोठ्यात धारा काढणारा तासगावचा पोरगा सरकारदरबारी बेकार नाही. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचा हिशेब वेगळा असतो, तो भाग निराळा!

साखर कारखान्यात तर प्रश्न आणखी गुंततो. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, उन्हाळा तापायच्या सुमारास पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं. कायम कामगार टिकतो. हंगामी माणूस 'रिटेन्शन'ची थोडकी रक्कम घेऊन पुढच्या गळिताची वाट बघत घरी. या काळात दोन म्हशी आणि अर्धा एकर रान एवढ्यावर तो 'शेतकरी' म्हणून नोंदला जातो. गंमत म्हणजे हंगामात ऊस तोडायला टोळ्या येतात त्या बीडकडून. गावातल्या पोरांना काम नाही आणि गावात मजूर नाहीत, ही दोन्ही वाक्यं एकाच पारावर ऐकू येतात. दोन्ही खरी आहेत. शिकलेल्या पोराला कोयता नको, आणि त्याला हवी ती खुर्ची तालुक्यात नाही.

उरलेले गाव सोडतात. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेला माणूस पाहणीत गावच्या घरात धरला जात नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले असेच देशभर पांगलेले. मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेऊन त्यातला सोन्याचांदीचा कण सोडवायचा. पाटण-जावळीच्या माणसाने मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १९६९ चा माथाडी कायदा त्या लढ्यातून आला. ही माणसं गावीच थांबली असती, तर दोन्ही जिल्ह्यांचा आकडा कुठे गेला असता याचा विचार करा.

बेकारी ओळखायची निराळी रीतही याच मातीत निघाली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्याची गरज ठरवली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा तिचा पाया. तासाचा हिशेब विचारण्यापेक्षा किती हात काम मागायला पुढे आले हे बघणं माण-जतसारख्या दुष्काळी तालुक्यांच्या बाबतीत मला जास्त खरं वाटतं. अर्थात पदवीधर पोरगा मातीकामाची मागणी करत नाही, त्यामुळे तो याही यादीतून निसटतो.

तेव्हा जिल्ह्याचा आकडा समोर आला की आधी महिना विचारा, मग तालुका. बागायती कराड-वाळव्याची आणि कोरड्या माण-जतची मिळून काढलेली सरासरी दोन्हीकडे निरुपयोगी आहे.

पुढच्या भागात शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांतली कंत्राटी भरती.