चकतीचा खेळ : मैदान कसे निवडावे?

अमेरिकेत मुलांकडे राहावयास जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना तेथील बागांत लोखंडी साखळ्या लावलेल्या टोपल्या दिसतात. हा ‘डिस्क गोल्फ’. प्लास्टिकची चकती कमीत कमी फेकींत टोपलीत घालावयाची. याचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत झाले. पुष्कळ सार्वजनिक मैदानांवर पैसे पडत नाहीत, आणि चालणे आपोआप घडते.

मात्र मैदान अंगाला झेपेल असे निवडावे. नवख्याने नऊ टोपल्यांचे, आखूड व मोकळे मैदान घ्यावे. दाट झाडीत चकती हरवते, चढउतारावर गुडघे बोलू लागतात. ‘यूडिस्क’ या मोबाईल ॲपवर जवळची मैदाने व खेळणाऱ्यांची मते सापडतात. तरी आधी एकदा नुसते फिरून पाहावे. फेकण्याची जागा सपाट आहे काय? पाट्या आहेत काय? माणसांची वाट मधून जाते काय? चकती जोरात लागते. वाट मोकळी झाल्याशिवाय फेकू नये.

मॅसॅच्युसेट्स राज्यात लेस्टर येथील नामांकित ‘मेपल हिल’ मैदान तर नाताळच्या झाडांच्या शेतातच आहे. शेतकऱ्याने ते जरूर पाहावे. पण खेळाचा श्रीगणेशा घराजवळच्या लहान मैदानावरच करावा.