प्लॅस्टिकची प्रतवारी

आपण ज्याला सरसकट प्लॅस्टिक म्हणून एकाच पिशवीत कोंबतो, तो वस्तुतः परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक पदार्थांचा मेळा असून, त्यांची फारकत करणे हाच पुनर्प्रक्रियेच्या साऱ्या खटाटोपाचा गाभा होय.

पाण्याच्या बाटलीचेच पाहा. तिचा पारदर्शक देह ‘पेट’चा, तर झाकण बहुधा पॉलिएथिलीनचे वा पॉलिप्रॉपिलीनचे असते, बाटलीचा चुरा हौदात टाकला की पाण्याहून जड असलेले पेट तळ गाठते, झाकणाचे कण वर तरंगतात, आणि निवडण्याचे निम्मे काम पाणीच उरकते. परंतु पीव्हीसीही बुडत असल्याने तेथे ही युक्ती चालत नाही. आणि पेट वितळण्यास सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर पीव्हीसी त्याआधीच विघटन पावून आम्लवायू सोडू लागते, ज्यायोगे तिच्या अल्पशा अंशानेही सगळा घाणा बिघडतो.

वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असतो, तो १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक-उद्योजकांच्या संघटनेने ओळखीपुरता योजिला. वस्तूवर पुनर्प्रक्रिया होईलच अशी हमी त्यात नाही. १ म्हणजे पेट, २ व ४ ही पॉलिएथिलीनची अनुक्रमे घट्ट व मऊ रूपे, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ मात्र सरकारी दप्तरातील ‘संकीर्ण’ या सदरासारखा, ज्यात उरलेसुरले सारे जमा होते. वेफर्सचे चकचकीत वेष्टन तर बहुधा निरनिराळ्या थरांचे, आणि ते थर सोडविण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक, म्हणून भंगारवाला त्याला हातही लावीत नाही. हा दोष त्याचा नसून वेष्टन घडविणाऱ्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा पुसट असला तरी धारावीच्या तेरा कंपाऊंडमधील कामगारांचे अडत नाही. तुकडा वाकवून, आपटून, प्रसंगी जाळून त्याच्या वासावरून ते त्याची जात सांगतात. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या या श्रमांना संघटनेचे बळ दिले.

दुधाच्या पिशव्या परत घेऊन ग्राहकास मोबदला देण्याची तजवीज महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत होती, अंमलबजावणी मात्र रेंगाळली. तोवर गृहिणीच्या हाती एक उपाय आहे: पिशवीचा कोपरा समूळ न कापता केवळ चीर द्यावी, कारण तो नखाएवढा तुकडा वेचणाऱ्याच्या हाती न लागता थेट गटारात जातो; आणि पिशवी विसळून वाळवावी, कारण आंबूस माल भंगारवाला कमी भावाने घेतो, किंवा घेतच नाही.